हेपॅटायटिस बी: रक्तदानापासून जीनोटाइपच्या अहवालापर्यंत

मला हेपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग आहे, हे ऑगस्ट 2023 मध्ये रक्तदान केल्यानंतर कळले. त्यानंतरचे दीड वर्ष तपासण्या, प्रतीक्षा आणि उपचारांविषयीचा निर्णय यांत गेले. ते सारे येथे क्रमाने लिहीत आहे, कारण या काळात मला सर्वांत जास्त त्रास माहितीच्या अभावाचा झाला नाही, तर माहितीच्या गर्दीचा झाला. वाचनात आलेले बहुतेक सारे खरे होते. मात्र ते जगाच्या कोणत्या भागातील रुग्णांविषयी आणि विषाणूच्या कोणत्या जीनोटाइपविषयी (जनुकीय प्रकाराविषयी) आहे, याचा उल्लेख क्वचितच असायचा. एका प्रदेशातील रुग्णांना लागू पडणारा धीर किंवा धाक दुसऱ्या प्रदेशातील रुग्णाने जसाच्या तसा घेऊ नये, हे मला या काळात पटले.

रक्तपेढीने फोनवर कारण सांगितले नाही. ओळखपत्र घेऊन समक्ष या, एवढेच कळवले. तेथील समुपदेशकांनी दार लावून घेतले, माझे नाव आणि रक्ताच्या पिशवीचा क्रमांक जुळवून पाहिला आणि एचबीएसएजी ही, विषाणूच्या आवरणावरील प्रथिन शोधणारी, चाचणी रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आल्याचे सांगितले. रक्तपेढीतील चाचणी ही चाळणी असते, निदान नव्हे, हे त्यांनी आवर्जून समजावले. त्यांनी पुढील तपासणीसाठी सहीशिक्क्याचे पत्र दिले. असे पत्र कोणी आपणहून दिले नाही तर मागून घ्यावे. यकृततज्ज्ञांची वेळ मिळवताना आणि पहिल्या तपासण्यांची नोंद करताना ते मला वारंवार उपयोगी पडले. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे मामा पन्नाशीच्या आतच यकृताच्या कर्करोगाने गेले होते आणि त्यांना हा संसर्ग होता की नाही, हे कोणी कधी तपासले नव्हते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला यकृततज्ज्ञांची भेट मिळाली. त्यांनी पहिला प्रश्न माझ्या प्रकृतीविषयी विचारला नाही. आईची तपासणी कधी झाली आहे का, असे विचारले. त्यामागचे कारण त्यांनी लगेच सांगितले. हा विषाणू कोणत्या वयात शरीरात शिरतो, यावर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहा बालकांपैकी सुमारे नऊ जणांत तो आयुष्यभर टिकतो. निरोगी प्रौढांमध्ये हेच प्रमाण शेकडा पाचाहूनही कमी असते. माझ्यासारख्या चाळिशीतल्या, कधीही कावीळ न झालेल्या माणसात तो आढळला, तर तो बहुधा बालपणापासूनच असणार. माझ्या जन्माच्या सुमारास या रोगावरची लस नुकतीच, 1981 मध्ये, उपलब्ध झाली होती. तिचा समावेश सर्व देशांनी आपल्या लसीकरण कार्यक्रमात करावा, हा जागतिक पातळीवरील ठराव तर 1992 मध्ये झाला. आईला नंतर हे समजावताना या दोन वर्षांचा मला फार आधार वाटला.

पहिल्या फेरीत बऱ्याच चाचण्या एकदम लिहून दिल्या होत्या: एचबीएसएजी पुन्हा, अँटी-एचबीसीचे (विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचे) आयजीएम आणि एकूण असे दोन्ही प्रकार, ई प्रतिजन (विषाणू रक्तात सोडतो ते एक प्रथिन) आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड, यकृताच्या कार्याच्या चाचण्या, प्लेटलेट, विषाणूचा डीएनए म्हणजे व्हायरल लोड, आणि सोबत एचआयव्ही, हेपॅटायटिस सी आणि डेल्टा. डेल्टाची, म्हणजे हेपॅटायटिस डीची, चाचणी पुष्कळदा राहून जाते. हा विषाणू 1977 मध्ये सापडला आणि तो हेपॅटायटिस बीच्या आवरणावाचून पसरू शकत नाही. बी असलेल्या सुमारे पाच टक्के लोकांत तो असतो, पण मंगोलिया, मध्य आशियाचा काही भाग आणि ॲमेझॉनचे खोरे येथे त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. दोन्ही विषाणू एकत्र असले की यकृताची हानी झपाट्याने होते, म्हणून निदान एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. खर्चाच्या बाबतीत सांगायचे तर या यादीतील सर्वांत महाग चाचणी व्हायरल लोडची होती. सर्व नमुने एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत दिल्यामुळे पुन्हा पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली नाही आणि पुढे आकडे एकमेकांशी ताडून पाहणेही सोपे गेले.

अहवाल टप्प्याटप्प्याने आले. एचबीएसएजी पुन्हा पॉझिटिव्ह होते. आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग ताजा नव्हता. डेल्टा, एचआयव्ही आणि सी तिन्ही निगेटिव्ह होते. ई प्रतिजन निगेटिव्ह आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड पॉझिटिव्ह होते. ई प्रतिजन नाहीसे होणे म्हणजे विषाणू शांत होणे, असे मी वाचले होते आणि त्यामुळे मला हायसे वाटले होते. डॉक्टरांनी कागदावर एक छोटी आकृती काढून या समजुतीची मर्यादा दाखवली. विषाणूच्या जनुकसंचातील 1896 क्रमांकाच्या स्थानी ग्वानिन या जनुकीय अक्षराऐवजी ॲडेनिन आले, की ई प्रतिजनाची निर्मिती मध्येच खुंटते. विषाणूची संख्यावाढ मात्र चालूच राहते. अशा वेळी ई प्रतिजन नाही, पण विषाणू भरपूर आहे आणि यकृताला सूज आहे, अशी स्थिती उद्भवते. हा बदल सर्व जीनोटाइपमध्ये सारख्याच सहजतेने होत नाही. 1896 हे स्थान 1858 क्रमांकाच्या स्थानाशी जोडी करून राहते. ए जीनोटाइपमध्ये तेथे बहुधा सायटोसिन असते आणि हा बदल झाला तर ती जोडी मोडते, म्हणून तो तेथे विरळा. डी जीनोटाइपमध्ये तेथे थायमिन असते आणि बदलाने जोडी उलट पक्की होते, म्हणून तो नेहमीचा. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत, जेथे डी जीनोटाइपचे प्राबल्य आहे, तेथील डॉक्टरांच्या लक्षात ही ई-निगेटिव्ह व्याधी लवकर आली होती, आणि 1989 मध्ये तिच्या मुळाशी असलेला हा बदल दाखवून देण्यात आला. वायव्य युरोपातील, म्हणजे प्रामुख्याने ए2 उपप्रकाराच्या रुग्णांवर आधारलेले जुने लेखन वाचले, तर ई प्रतिजन गेल्याचा आनंद सहज समजतो. तोच आनंद मी विनाशर्त मानू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

माझा पहिला व्हायरल लोड 1,300 आययू (आंतरराष्ट्रीय एकके) प्रति मिलिलिटर आला. डॉक्टर म्हणाले, “एका आकड्यावर काही ठरवायचे नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.” सहा महिन्यांची ही मुदत मनाला येईल तशी ठरवलेली नसते, एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले तरच संसर्गाला दीर्घकालीन म्हणतात. शिवाय ई-निगेटिव्ह आजारात व्हायरल लोड आणि यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी हे दोन्ही आकडे चढउतार करतात. एखादी तपासणी नेमकी उताराच्या वेळी झाली, तर सारे आलबेल दिसते.

या सहा महिन्यांत घरच्यांच्या तपासण्या करून घेतल्या, आणि मनाने ते सर्वांत अवघड काम होते. आईचे एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले. तिला वाटले की हे तिने मला दिले. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो आणि त्यांनी अतिशय शांतपणे सांगितले, की तिला हे कोणी सांगितले नव्हते, तिची तपासणी कोणी केली नव्हती आणि तेव्हा बाळाला देण्यासाठी लसही हाताशी नव्हती. बहिणीचे एचबीएसएजी निगेटिव्ह होते, पण एकूण अँटी-एचबीसी आणि संरक्षक प्रतिपिंडे दोन्ही पॉझिटिव्ह होती. म्हणजे तिला संसर्ग होऊन गेला होता आणि तिच्या शरीराने तो आवरला होता. पत्नीला संसर्ग नव्हता आणि संरक्षणही नव्हते. तिला लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने या क्रमाने देण्यात आले. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत संरक्षक प्रतिपिंडांची पातळी तपासावी लागते. ती दहाच्या वर आली की काळजी मिटते. पुष्कळ जण डोस घेतात आणि ही शेवटची तपासणी विसरतात. मुलीला जन्मतःच लस मिळालेली होती आणि तिचा अहवाल स्वच्छ आला. त्या दिवशी मला प्रथमच मोकळा श्वास घेता आला. लस कोणत्या जीनोटाइपवर चालते, असा प्रश्न मी विचारला होता. उत्तर दिलासा देणारे होते: लस ज्या भागाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, तो भाग सर्व जीनोटाइपमध्ये बराचसा समान असल्याने ती सर्वांपासून संरक्षण देते.

वाट पाहण्याच्या या काळात मी पुष्कळ वाचले. विषाणूचा जनुकसंच केवळ 3,200 च्या आसपास अक्षरांचा आहे. पूर्ण संचात सुमारे आठ टक्क्यांहून अधिक फरक असला की वेगळा जीनोटाइप मानायचा, ही पद्धत 1988 मध्ये चार गटांपासून सुरू झाली. आज ए ते एच हे आठ सर्वमान्य आहेत. व्हिएतनाम आणि लाओसमध्ये आढळलेला आय, तसेच एकाच जपानी रुग्णात सापडलेला जे, यांना अजून पक्के स्थान मिळालेले नाही. ए1 आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागात आणि दक्षिण आशियात. ए2 वायव्य युरोप आणि उत्तर अमेरिकेत. बी आणि सी पूर्व व आग्नेय आशियात. डी भूमध्य प्रदेशापासून मध्यपूर्व, मध्य आशिया आणि भारतापर्यंत. ई पश्चिम आफ्रिकेत. एफ आणि एच अमेरिका खंडात. भारतात डी आणि ए मुख्य आहेत, तर पूर्वेकडील भागात सीदेखील आढळतो. यांपैकी ई जीनोटाइपची गोष्ट मला विशेष विचारात पाडणारी वाटली. पश्चिम आफ्रिकेत तो सर्वत्र आहे, पण त्याच्यात अंतर्गत विविधता फार कमी आहे. गुलामगिरीच्या काळात तेथूनच अमेरिकेत नेलेल्या लोकांच्या वंशजांत तो जवळजवळ आढळत नाही. यावरून तो तेथे इतका पसरला तो अलीकडच्या काही शतकांतच, असे संशोधक मानतात. विषाणू माणसांबरोबर प्रवास करतो आणि त्या प्रवासाची खूण त्याच्या अक्षरांत राहते.

परंतु मला हवे होते ते निराळे: प्रदेशाप्रदेशांत आजार वेगळा दिसतो तो विषाणूमुळे, की लोकांचे वंश, आहार, उपचारांची सोय अशा इतर कारणांमुळे? या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत स्पष्ट उत्तर अलास्कातून आलेले होते. तेथील मूलनिवासींमध्ये ए, बी, सी, डी आणि एफ असे पाच जीनोटाइप एकाच भूभागात नांदतात, आणि हजाराहून अधिक संसर्गित व्यक्तींचा तेथे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला आहे. ए, बी, डी आणि एफ असलेल्या निम्म्या लोकांचे ई प्रतिजन विशीच्या आतच नाहीसे झाले होते. सी असलेल्यांत मात्र हे मध्यवर्ती वय सत्तेचाळीसच्या पुढे होते. ही तफावत लहान नाही. सी असलेली स्त्री तिच्या प्रसूतीच्या सर्व वर्षांत ई-पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणूने भरलेली, राहण्याची शक्यता मोठी. म्हणूनच पूर्व आशियात आईकडून बाळाकडे होणारा संसर्ग इतका मोठा प्रश्न ठरला, आणि तैवानने 1984 मध्ये नवजात बालकांना लस देण्यास सुरुवात केल्यावर मुलांमधील यकृताचा कर्करोग ठळकपणे घटला. सीमध्ये कर्करोगाचा धोका बीपेक्षा जास्त असतो. आफ्रिकेतील ए1 आणि अलास्कातील एफ यांच्यात तो तरुण वयातही दिसतो. याउलट आर्क्टिक प्रदेशातील बी6 हा उपप्रकार बराच सौम्य आहे. अक्षर एकच असले तरी उपप्रकार बदलला की चित्र बदलते, हेही यातून लक्षात येते.

मला पूर्व आशियातील रुग्णांची अनुभवकथने सर्वांत जास्त वाचायला मिळाली. ते स्वाभाविकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अंदाजानुसार जगात 25 कोटी 40 लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग आहे. त्यांतले 9 कोटी 70 लाख पश्चिम प्रशांत विभागात, साडेसहा कोटी आफ्रिकेत आणि 6 कोटी 10 लाख आग्नेय आशिया विभागात, म्हणजे ज्यात भारतही मोडतो. एवढ्या लोकांपैकी निदान झालेले केवळ 13 टक्के आणि उपचार मिळालेले 3 टक्के. हा आकडा वाचल्यावर मला माझ्या मामांची पुन्हा आठवण झाली आणि रक्तपेढीच्या त्या फोनविषयी कृतज्ञता वाटली.

फेब्रुवारी 2024 मध्ये दुसरी फेरी झाली. यावेळी नोंदणीच्या खिडकीवर माझी प्रयोगशाळा हा नमुना आता दुसऱ्या ठिकाणी पाठवते असे समजले, आणि अहवाल आला तेव्हा व्हायरल लोड 32,000 असा छापलेला होता. एकक पाहिले तर ते कॉपी प्रति मिलिलिटर होते. एक आययू म्हणजे साधारण पाच कॉपी, तेव्हा खरा आकडा 6,400 च्या घरात होता. आधीच्या 1,300 शी तुलना करता तो वाढलाच होता, पण पंचवीस पटीने नव्हे. दोन अहवालांची तुलना करण्याआधी आकड्याशेजारचे एकक अवश्य वाचावे. एसजीपीटी 44 होते आणि शेजारी छापलेली सामान्य मर्यादा 50 होती. अहवालात कोठेही लाल खूण नव्हती.

याच महिन्यात फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, झाले. त्यासाठी आधी निदान तीन तास काही खायचे नसते. पाठीवर झोपून उजवा हात डोक्याखाली घ्यायचा, म्हणजे फासळ्यांमधली जागा मोकळी होते. तंत्रज्ञ तेथे जेल लावून टोकदार नसलेला, बोटाएवढ्या जाडीचा एक प्रोब दाबून धरतात आणि दर वेळी बरगडीवर टिचकी मारल्यासारखा हलका ठोका बसतो. दुखत मुळीच नाही. असे किमान दहा ठोके योग्य नोंदले गेले की मधला आकडा घेतात. माझा आकडा 7.6 किलोपास्कल आला. त्याखाली चतुर्थकांतर (नोंदी किती विखुरल्या आहेत याचे माप) आणि मधल्या आकड्याचे गुणोत्तर दिलेले असते. ते तीस टक्क्यांच्या आत असेल तरच मोजमाप विश्वासार्ह. ही ओळ कोणी समजावून सांगत नाही, म्हणून लिहिली.

म्हणजे मी अगदी उंबरठ्यावर होतो: विषाणू थोडा जास्त, सूज प्रयोगशाळेच्या मते नाही, यकृत किंचित कडक. डॉक्टरांनी घाई केली नाही. मार्च 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि पुढच्या भेटीत त्यांनी ती उघडून दाखवली. त्यांत एसजीपीटीची सामान्य मर्यादा पुरुषांसाठी 30 आणि स्त्रियांसाठी 19 धरली आहे. व्हायरल लोड 2,000 च्या वर आणि एसजीपीटी या मर्यादेच्या वर असेल, किंवा फायब्रोस्कॅन 7 च्या वर असेल, किंवा कुटुंबात यकृताचा कर्करोग झालेला असेल, तर प्रौढ व्यक्तीला उपचार द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. युरोपच्या 2017 च्या तत्त्वांत हीच मर्यादा 40 आहे. छापील मर्यादेच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या अनेकांनी आपला आकडा या नव्या मर्यादेशी एकदा ताडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आता प्रश्न होता कोणता उपचार. एक मार्ग पेगिलेटेड इंटरफेरॉनचा: दर आठवड्याला एक इंजेक्शन, अठ्ठेचाळीस आठवडे, आणि मग उपचार संपतो. दुसरा मार्ग रोज एक गोळी, बहुधा अनेक वर्षे. मुदतीत संपणाऱ्या उपचाराची मला ओढ होती, हे मी सांगितले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मग जीनोटाइप पाहून घेऊ. गोळ्यांसाठी मी तो करायला सांगितला नसता.” हा भेद महत्त्वाचा आहे. टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर या गोळ्या सर्व जीनोटाइपवर सारखीच परिणामकारक आहेत. इंटरफेरॉनचे तसे नाही. ई-पॉझिटिव्ह रुग्णांच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पेगिलेटेड इंटरफेरॉननंतर ई प्रतिजन जाण्याचे प्रमाण एमध्ये 47 टक्के, बीमध्ये 44, सीमध्ये 28 आणि डीमध्ये 25 टक्के होते. ई-निगेटिव्ह आजारातही डीचा प्रतिसाद कमी राहतो. इतका, की बाराव्या आठवड्याला एचबीएसएजीची पातळी मुळीच घटली नसेल आणि विषाणूही शंभरपटीने कमी झाला नसेल, तर डीच्या रुग्णात इंजेक्शने तेथेच थांबवावीत, असा नियम आहे.

एप्रिलमध्ये जीनोटाइपचा नमुना दिला. ही चाचणी नेहमीच्या यादीत नव्हती. त्यासाठी वेगळा अर्ज, डॉक्टरांची सही असलेली चिठ्ठी आणि अलीकडच्या व्हायरल लोडची प्रत लागली. शेवटच्या कागदाचे कारण विचारले तेव्हा समजले, की विषाणूचा जनुकांश वाचण्याआधी त्याच्या पुरेशा प्रती तयार कराव्या लागतात आणि रक्तात विषाणू फार कमी असेल तर ते जमत नाही. म्हणजे ही चाचणी करायचीच असेल तर उपचार सुरू होण्यापूर्वी करावी. गोळ्यांनी विषाणू दबला की वाचायला काही उरत नाही. शुल्क व्हायरल लोडच्या चाचणीहूनही जास्त होते आणि विमा कंपनीने ते मान्य केले नाही, कारण त्यांच्या मते ती उपचारासाठी अनिवार्य नव्हती. त्यांचे हे म्हणणे चूक होते असे मला म्हणता येत नाही. ज्याने गोळी घ्यायचे आधीच ठरवले आहे, त्याने या चाचणीसाठी पैसे अडवू नयेत.

अहवालासाठी काही आठवडे थांबावे लागले. तो दोन पानांचा होता. पहिल्या पानावर एक ओळ: जीनोटाइप डी. दुसऱ्या पानावर आडव्या रेषांचा एक वंशवृक्ष होता; प्रत्येक फांदीच्या टोकाला संदर्भासाठी घेतलेल्या विषाणूचा क्रमांक, आणि डीच्या गुच्छात मधोमध ठळक अक्षरांत माझ्या नमुन्याचा क्रमांक. त्याखाली, विषाणूच्या ज्या विकराला औषधे अडवतात त्याच्या जनुकात प्रतिरोधाचे बदल नाहीत, अशी नोंद होती. मी त्या रेषांकडे बराच वेळ पाहत राहिलो. माझ्या आईच्या आणि कदाचित तिच्या आईच्या शरीरातून आलेली एक लांबलचक परंपरा त्या कागदावर होती. तिच्यात कोणाचा दोष शोधण्यासारखे काही नव्हते.

निर्णय त्यानंतर सरळ झाला. डीमुळे इंटरफेरॉनच्या यशाची शक्यता कमी आणि त्याचे ताप, थकवा, उदासीनता असे दुष्परिणाम निश्चित. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी झाली, मूत्रपिंडे ठीक असल्याचे दिसले आणि जून 2024 मध्ये टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल 300 मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली. ज्यांची मूत्रपिंडे किंवा हाडे नाजूक आहेत त्यांच्यासाठी अलाफेनामाइड हा दुसरा प्रकार असतो; तो महाग पडत होता आणि मला त्याची गरज नव्हती. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी एका गोष्टीवर भर दिला: गोळी मनाने बंद करायची नाही. औषध अचानक थांबले तर विषाणू उसळी घेतो आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या चालू महिन्यातच आणून ठेवतो आणि प्रवासात त्या हातातल्या पिशवीत घेतो.

डिसेंबर 2024 मध्ये व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली आला आणि एसजीपीटी 24 वर उतरले. एचबीएसएजी अजून पॉझिटिव्ह आहे आणि दीर्घकाळ राहील. कारण विषाणूच्या डीएनएचे वर्तुळाकार रूप यकृतपेशींच्या केंद्रकात ठाण मांडून असते आणि आजची औषधे तेथवर पोहोचत नाहीत. हे आधी माहीत असले की दर अहवालावरचा पॉझिटिव्ह हा शब्द पाहून पोटात गोळा येत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी चालू राहणार आहे. मामांमुळे त्यात कुचराई करायची नाही, असे आम्ही घरात ठरवले आहे. जीनोटाइप मात्र पुन्हा तपासावा लागत नाही, म्हणून तो अहवाल फाइलच्या पहिल्याच कप्प्यात आहे.

आईचा व्हायरल लोड कमी आणि यकृत मऊ असल्याने तिला गोळी लागली नव्हती. तिची केवळ देखरेख चालू होती. जानेवारी 2025 मध्ये तिच्या संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुरू करण्याचे ठरले, तेव्हा आम्ही तिची फाइल त्या डॉक्टरांपुढे ठेवली. अशा औषधांच्या काळात दबलेला विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून त्यांनी आधी यकृततज्ज्ञांचे मत मागवले आणि तिलाही प्रतिबंधासाठी टेनोफोव्हिर सुरू झाले. बहिणीलाही हे लागू आहे, जरी तिचे एचबीएसएजी निगेटिव्ह असले तरी. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने बरा होऊन गेलेला संसर्गही परत येऊ शकतो. तिने आपल्या वैद्यकीय नोंदीच्या पहिल्या पानावर अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असे लिहून ठेवले आहे.